पोरीचे पाय उशिरा निघतात की नजर? (बॅडमिंटन, चपळता आणि हात-नजरेचा मेळ)

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लेक बारा वर्षांची आहे, चौथीपासून बॅडमिंटन खेळते. दिवाळीनंतर सरांनी सांगितलं, "हात चांगलाय हिचा, पण पाय जड आहेत. चपळाई वाढवा." मी लगेच जमिनीवर पसरायची ती पट्ट्यांची शिडी मागवली, बारा शंकू आणले आणि गच्चीवर रोज संध्याकाळी अर्धा तास सुरू केलं. तीन महिन्यांत पोरगी शिडीतून अशी जायला लागली की शेजारचे बघायला वर यायचे. कोर्टावर मात्र काही बदललं नाही. समोरून ड्रॉप (जाळीजवळ हळूच सोडलेला फटका) आला की तोच अर्ध्या पावलाचा उशीर.

गेल्या रविवारी मागच्या रेघेच्या पाठीमागं मोबाइल लावून तिचा सामना काढला आणि रात्री संथ गतीनं बघितला. समोरच्या मुलीची रॅकेट शटलला लागते त्या क्षणी आमची ताठ उभी, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या. शटल जाळीवर आलं की मग हलते. एकदा निघाली की मात्र कुणापेक्षा कमी पळत नाही. आणखी एक दिसलं. स्वतः फटका मारल्यावर तो कुठं जाऊन पडतो हे ती बघत राहते, आणि तेवढ्यात समोरची तयार झालेली असते.

म्हणजे पायांपेक्षा नजरेचं काहीतरी आहे असं मला वाटायलंय. हे घरी, गच्चीवर कसं सुधारायचं? आठवड्यातून तीनच दिवस कोर्ट मिळतं आम्हाला, तेही एका कोर्टावर आठ मुलं. जाणकारांनी सांगा.

सातरस्ता

आमच्या चिरंजीवांचंही डिट्टो. शिडी आमच्याकडंही आहे. वाचतोय.

मागचीरेघ

जुळेसोलापूरकर, तुम्ही व्हिडिओ काढून टाचा बघितल्या, इथंच निम्मं काम झालंय. मी पंचवीस वर्षं खेळलो, आता सकाळी काही मुलांना शिकवतो. बहुतेक पालक पोरगं हरलं की रॅकेट बदलतात. तुम्ही बघितलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकेरीत आपल्या वाट्याला येणारं कोर्ट ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद. मधोमध उभं राहिलं तर कुठलाही कोपरा दोन-तीन पावलांवर आहे. एवढ्याशा अंतरात पळण्याचा वेग वाढवून फार काही हाती लागत नाही. पहिलं पाऊल कधी पडलं, त्यावरच फूल (म्हणजे शटल) मिळणार की नाही ते ठरतं.

शिडीत पुढचं पाऊल कुठं टाकायचं हे पोरीला आधीच माहीत असतं. तिचे पाय पाठांतर म्हणतात. कोर्टावर मात्र प्रश्न समोरून येतो, तो वाचायचा आणि मग पाऊल टाकायचं. खेळातली चपळता म्हणजे काहीतरी दिसल्यावर दिशा बदलणं. ते 'दिसणं' सरावातून काढून टाकलं तर उरते ती कवायत.

आता टाचांबद्दल. समोरच्याची रॅकेट शटलला लागायच्या जरा आधी एक बारीकशी उडी घ्यायची आणि रॅकेट लागते त्या सुमाराला दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरायचं. सगळे तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. उडी म्हणजे उंच नाही, पायाखालून पोस्टकार्ड सरकेल एवढीच. उतरताना पोटऱ्या आणि मांड्या स्प्रिंगसारख्या दाबल्या जातात आणि त्याच जोरावर शरीर हव्या त्या दिशेला सुटतं. टाचा टेकवून उभं राहिलेल्याला आधी ती स्प्रिंग दाबावी लागते, मग निघता येतं. तुमचं अर्धं पाऊल तिथं हरवतंय.

घरी करायचं ते असं. तुम्ही तिच्यासमोर तीन-चार मीटरवर उभे राहा, दोन हातांत दोन फुलं घ्या, एक पांढरं आणि एक पिवळं प्लास्टिकचं. दोन्ही हात खांद्यापाशी. तुमचा हात हलायला लागला की तिनं ती बारीक उडी घ्यायची, आणि जे फूल सुटेल ते खाली पडायच्या आत पकडायचं. रॅकेट नको, हातानं. कधी हात हलवून फूल सोडूच नका. कधी दोन्ही सोडा आणि "पांढरं!" म्हणून ओरडा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग तेवढ्याच्या दुप्पट विश्रांती. सामन्यातल्या पुष्कळ रॅली दहा सेकंदांच्या आसपासच संपतात, त्यामुळं दोन-दोन मिनिटं घाम काढून या कामात फायदा नाही. पावलांचा आवाज धप धप यायला लागला की थांबायचं. थकलेल्या पायांनी केलेला सराव पायांना उशीरच शिकवतो.

हाफस्मॅश

मागचीरेघ सरांशी बराचसा सहमत, पण शिडीला एवढं मोडीत काढू नका ओ. मी कॉलेजच्या संघात खेळतो. अकरावीपर्यंत माझे पाय एकमेकांत अडकायचे, दोरीच्या उड्या आणि शिडीनंच ते सुटलं. ज्या पोराला पायात लयच नाही त्याला आधी लय द्यावी लागते.

आणि एक शंका. आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी या बॅडमिंटनपटूचा स्मॅश (वरून जोरात खाली मारलेला फटका) २०२३ मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. तेवढ्या वेगाचं डोळ्यांनी बघून हलायचं म्हणजे कसं शक्य आहे?

मागचीरेघ

लयीचं मान्य. दोरी तर मीही रोज मारायला लावतो, एकेक पायावर सुद्धा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिडीही चालेल, दहा मिनिटं, अंग गरम करायला. पण बारा वर्षांची मुलगी शिडीतून सफाईनं जातेय याचा अर्थ तो धडा झालाय तिचा. पुढचा धडा घ्या.

५६५ हा आकडा रॅकेटवरून सुटतानाचा आहे. फुलाचं पाच ग्रॅमच्या आसपासचं वजन आणि सोळा पिसांचा घेर, त्यामुळं हवा त्याला लगेच धरते. समोरच्यापर्यंत येईतो वेग निम्म्याच्याही खाली गेलेला असतो. तरी तुमचं म्हणणं बरोबर आहे. डोळ्यांनी बघून शरीर हलायलाच सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. म्हणून चांगले खेळाडू फूल सुटल्यावर नाही, सुटायच्या आधीच वाचायला लागतात.

यावर जुना प्रयोग आहे. १९८७ मध्ये ब्रूस ॲबरनेथी आणि रसेल या संशोधकांनी बॅडमिंटनच्या चित्रफिती रॅकेट लागायच्या आधीच तोडून दाखवल्या, काहींत खेळाडूचा हात झाकला, काहींत रॅकेट. फूल कुठं पडेल ते सांगायचं. नवखे फक्त रॅकेटवरून ओळखत होते. तयार खेळाडू रॅकेटबरोबर दंडाच्या हालचालीवरूनही ओळखत होते, म्हणजे त्यांना खबर आधी लागत होती. तुमच्या लेकीला हेच शिकवा. स्वतःचा फटका सुटला की नजर फुलावरून काढून समोरच्या मुलीच्या खांद्या-कोपरावर. फूल आपलं आपण जाईल.

त्याच मोबाइलवर तिच्या मैत्रिणींचे सामने काढा, रॅकेट लागायच्या क्षणी चित्र थांबवा आणि विचारा, "कुठं जाणार?" रोज वीस फटके. जेवताना सुद्धा होतं.

धोटा

सर्वांना रामराम. मी खेळाडू नाही. नातू खेळतो म्हणून हा धागा वाचतोय. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली, म्हणून एक सांगावंसं वाटलं.

मागावर आडवा इकडून तिकडं पळणारा जो धोटा, त्यालाच इंग्रजीत शटल म्हणतात, आणि या खेळातल्या फुलाला ते नाव त्याच्यावरूनच पडलंय. दोन्ही हद्दींत नुसतं ये-जा करणारं. तर चार माग सांभाळणारा माणूस चारही ठिकाणी बघू शकत नाही. आम्ही कानानं चालायचो. सूत तुटलं, कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी) संपत आली की खटखट बदलते. मान वळायच्या आधी हात निघालेला असायचा. पाठीमागच्या मागाचं सुद्धा कळायचं.

नातवाला परवा अशोक चौकातल्या घरी अंगणात खेळताना मी डोळे मिटून ऐकत बसलो होतो. जोरात मारलेल्याचा आवाज वेगळा, हळूच सोडलेल्याचा वेगळा, तासून मारलेल्याचा आणखी वेगळा. तीन दिवसांत मला न बघता सांगता यायला लागलं. मुलांना ऐकायला शिकवतात का कुणी?

मागचीरेघ

धोटा काका, नमस्कार करतो. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मी कधी वेगळं काढून शिकवलं नाही. फटक्याचा आवाज कानावर पडला की किती जोरात मारलंय ते कळायला मदत होते, हे खेळताना अंगवळणी पडलेलं असतं, पण मुलांना कुणी सांगत नाही. उद्यापासून मुलांना पाठ करून उभं करणार. मागून मी मारीन, त्यांनी ड्रॉप की क्लिअर (उंच, मागच्या रेघेपर्यंत मारलेला फटका) ते सांगायचं.

वेळापूरची

मी माळशिरस तालुक्यातली, खो-खो खेळलेली. आमच्याकडं चपळाई कुणी विकत आणली नाही, म्हणून सांगते.

खो-खोत बसलेल्या मुलीला पाठीवर थाप आणि कानाला "खो" मिळाल्याशिवाय उठता येत नाही, उठली की एकच दिशा. पळणारी मात्र तिच्या खांद्याकडं बघून हुलकावणी देते. आठ जणी जमत असतील तर कोर्टाबाहेर थांबलेल्या मुलींना दहा मिनिटं साखळी खेळवा. लंगडी सुद्धा घ्या. एका पायावर तोल धरून शिवायला झेपावणं आणि जाळीजवळचं फूल उचलायला झेपावणं, अंगाला सारखंच लागतं.

हात आणि नजरेसाठी सागरगोटे. एक वर उडवायचा, नजर त्याच्यावर, खालचे हातानं चाचपून उचलायचे आणि वरचा झेलायचा. एक्का, दुर्री, तिर्री करत जावं तसं खाली जास्त उचलायचे आणि वेळ तेवढाच. नजर एकीकडं, हात दुसरीकडं, आणि बोटं सैल. आमच्या आजीचे हात सत्तरीतही चुकत नव्हते.

हाफस्मॅश

सैल बोटांचं १००% बरोबर. आमच्या संघात ज्यांची मूठ घट्ट ते सगळे स्मॅश परतवताना उशीर करतात. मूठ सैल असेल तरच फोरहँडच्या पकडीतून बॅकहँडच्या पकडीत (हाताची मागची बाजू पुढं करून मारायच्या) जाता येतं, फटक्याच्या क्षणालाच दाबायची.

भिंतीवर पण खेळा. दोन मीटरवरून, नायलॉनचं फूल. हलक्या हातानं, अंगाच्या पुढं लागलं पाहिजे. पन्नास सलग झाले की एक पाऊल पुढं जायचं.

घोटा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं सगळं छान चाललंय, मला फक्त गच्चीची काळजी वाटतेय.

लाकडी कोर्टावर किंवा मॅटवर पाय जो धक्का घेतो आणि सिमेंटच्या गच्चीवर, शहाबादी फरशीवर जो घेतो, त्यात फार फरक आहे. बारा वर्षांची मुलगी म्हणजे हाडं झपाट्यानं वाढायचं वय. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली जिथं शिर नडगीला जोडलेली असते तिथं दुखायला लागतं, पुष्कळ उड्या मारणाऱ्या मुलांत हमखास दिसतं. "वाढीचं दुखणं" म्हणून लोक सोडून देतात. दाबल्यावर दुखत असेल, तिथं उंचवटा आला असेल, तर उड्या कमी करा आणि दाखवून घ्या.

गच्चीवर जुनी सतरंजी नको, सरकते. रबराची मॅट टाका किंवा तो भाग मातीच्या मैदानावर करा. पार्क स्टेडियमला सकाळी चालायला जाता ना, तिथं मोकळ्या मातीत करता येईल. पळायचे जाड टाचेचे बूट घालून आडव्या हालचाली करू नका, घोटा मुरगळतो. बसक्या गमसोलचे बॅडमिंटनचेच बूट.

झेपावताना रॅकेटच्या हाताकडचा पाय पुढं, टाच आधी टेकली पाहिजे, चवडा आणि गुडघा दोन्ही एकाच दिशेला. गुडघा आत वळत असेल तर वेग वाढवूच नका. आधी रोज एका पायावर उभं राहून दात घासायला सांगा, तीस सेकंद उजवा, तीस डावा. जमलं की डोळे मिटून, भिंतीपाशी. घोट्याला तोल कळायला लागला की पाऊल आपोआप निर्धास्त पडतं.

सातरस्ता

एक अनुभव टाकतो, कदाचित कुणाच्या कामी येईल. या चर्चेनंतर मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. एका डोळ्याला नंबर निघाला. शाळेत पहिल्या बाकावर बसतो, त्यामुळं कधी कळलंच नाही. दोन वर्षं आम्ही त्याला "लक्ष दे" म्हणून ओरडतोय. फार वाईट वाटलं मला. चष्मा बनवताना काच नको, न फुटणारं पॉलिकार्बोनेट घ्या असं डॉक्टरांनी बजावलं. दुहेरीत जाळीजवळ फूल डोळ्यावर बसू शकतं म्हणे.

मागचीरेघ

सातरस्ता, स्वतःला लावून घेऊ नका. हे मी तीन-चार मुलांत बघितलंय. वर्षातून एकदा डोळे तपासायलाच हवेत.

उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून फुलांचंही लिहून ठेवतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात फूल जास्त लांब जातं. हिवाळ्यात मागच्या रेघेवर पडणारा क्लिअर मेमध्ये बाहेर जातो. मग मुलं घाबरून हात आखडतात आणि हात-नजरेचा बसलेला मेळ बिघडतो. पिसाचं घेत असाल तर डबीवरचा आकडा बघा, ७७ ऐवजी ७६ किंवा ७५. नायलॉनचं असेल तर हिरव्या पट्टीचं, ते संथ. कोरड्या हवेत पिसं काडीसारखी मोडतात. आदल्या रात्री डबीला दोन्ही तोंडांनी क्षणभर वाफ द्या आणि बंद करून ठेवा, टिकतात. पंखे बंद असलेल्या पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी मुलांना खेळवू नका. पहाटे साडेपाचला या, ताक किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी बरोबर ठेवा.

जुळेसोलापूरकर

किती लिहिलंत सगळ्यांनी. आभार मानायला शब्द नाहीत.

मनात एक सल आहे, तोही लिहितो. एका ठिकाणी आम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं की सोलापुरात राहून काही होणार नाही, पुणं-हैदराबाद गाठा. पोरगी समोरच उभी होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

मागचीरेघ

तिला दोन माणसांची गोष्ट सांगा. प्रकाश पदुकोण बंगळूरमध्ये कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्ये शिकले. लग्न असलं की खेळ बंद. तिथून ते १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकले. आणि नंदू नाटेकर आपल्या सांगलीचे. आधी टेनिस खेळायचे. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. पुढं मोठ्या शहरात जावं लागेल, ते नाकारत नाही. पण बाराव्या वर्षी जे पाय आणि जी नजर घडवायची ती जुळे सोलापुरातल्या गच्चीवर घडते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुळेसोलापूरकर

सात आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

शिडी गुंडाळून ठेवली. दोन फुलांचा खेळ रोज, पण बारा मिनिटंच, रबरी मॅटवर. पहिल्या आठवड्यात ती उडी आठवून आठवून घ्यायची, त्यामुळं आणखीच उशीर व्हायचा आणि चिडायची. मला वाटलं बिघडवलं आपण. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा हुलकावणी दिली तर ती उतरली आणि जागीच थांबली, चुकीच्या बाजूला गेली नाही. तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

सागरगोटे माझ्या आईनं शिकवले. आई आता रोज चार वाजता तिची वाट बघत बसते. तीन चेंडू हवेत खेळवायचं मी व्हिडिओत बघून आणलं होतं, ते तिला आवडलं नाही, सोडून दिलं. जेवताना "कुठं जाणार?" चालू आहे, धाकटाही ओरडून उत्तर देतो आणि बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं.

परवा पुन्हा सामना काढला. पहिल्या गेममध्ये समोरच्या मुलीनं मारलेले तीस फटके मोजले. धागा काढायच्या आधीच्या पहिल्या व्हिडिओत तीसपैकी चार वेळा टाचा उचललेल्या होत्या, आता एकोणीस वेळा. जाळीजवळचे ड्रॉप ती हाताच्या उंचीवर घ्यायला लागली आहे. सामना हरली, तिसऱ्या गेममध्ये. सर म्हणाले, "पाय हलके झाले हिचे, काय केलंत?" मी त्यांना हा धागा पाठवला.

एक मात्र तसंच आहे. बॅकहँडकडचा, म्हणजे रॅकेट नसलेल्या हाताकडचा, मागचा कोपरा. तिथं अजून उशीर होतो आणि फूल डोक्याच्या मागं लागतं.

धोटा

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजीला माझा नमस्कार सांगा.

मागचीरेघ

एकोणीस म्हणजे फार छान. तिसऱ्या गेममधल्या तीस फटक्यांचंही मोजा, तिथं दमल्यावर किती टिकतंय ते कळेल.

बॅकहँडच्या कोपऱ्यात बहुतेकदा पाऊल चुकत नाही, वळण उशिरा होतं. उडीतून उतरताच डावा पाय आणि डावा खांदा जाळीकडं, उजवी कंबर मागं, मग पावलं. पोट जाळीकडंच ठेवून मुलं उलटी पळतात, म्हणून फूल डोक्यावरून जातं. आठवडाभर फुलाशिवाय नुसतं वळण आणि पहिलं पाऊल, दहा-दहाचे चार फेरे. मग तुम्ही हातानं उंच फेका आणि तिनं रॅकेट न घेता वरच्यावर पकडायचं, कपाळाच्या पुढं. हातात यायला लागलं की रॅकेट द्या.

पुढचा व्हिडिओ मागून नको, बाजूनं काढा, कंबर दिसेल असा. रविवारी सकाळी मी पार्कवर असतो, तिला घेऊन या.